सालीसकट मका

सासूबाईंचं भारतात परतायचं तिकीट मी त्यांना न विचारता काढलं.

यात दुष्टपणा नव्हता, घाईही नव्हती. जानेवारीतला एक शनिवार होता. बाहेर शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्ग गावाच्या पद्धतीचा बर्फ पडत होता, म्हणजे कुणाचं लक्ष नसताना, तासन्‌तास. मी लॅपटॉप उघडून बसलो होतो, आणि उघडलाच आहे तर काहीतरी करावं म्हणून तिकीट काढलं. शिकागो ते नागपूर, मध्ये दोन थांबे, व्हीलचेअर, शाकाहारी जेवण. सासूबाई शाकाहारी नाहीत. तेही विचारलं नाही.

बायको ऑक्टोबरमध्ये गेली. सासूबाई तिच्या आजारपणात मदतीला म्हणून ऑगस्टमध्ये वर्ध्याहून आल्या होत्या. त्यांची अमेरिकेत राहायची सहा महिन्यांची मुदत फेब्रुवारीत संपत होती. मुदत वाढवून मिळावी म्हणून अर्ज करता येतो, हे मला माहीत होतं. पण अर्ज करायचा तर आधी 'आई, तुम्ही राहता का?' असं विचारावं लागलं असतं, आणि आमच्यात एकमेकांना काही विचारायची पद्धत नव्हती. आम्हाला मूलबाळ नाही. म्हणजे घरात मी आणि सासूबाई, आणि आमचं नातं जिच्यामुळे होतं तीच नाही. अशा दोघांनी एकमेकांना काय म्हणायचं असतं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

त्यातून मी त्यांना फोनवर बोलताना ऐकलं होतं. बंगळुरूला असलेल्या मुलाला त्या सांगत होत्या, "लेकीच्या घरी राहावं तरी किती दिवस? आणि आता तर लेक बी नाई." मी काय अर्थ काढायचा तो काढला. तिकिटाचा कागद छापून मी तो साखरेच्या डब्याखाली ठेवला. सांगायचं धैर्य नव्हतं, आणि सकाळचा चहा त्याच करायच्या. चहा करताना त्यांनी कागद उचलला, चष्मा नसल्यामुळे हात लांब धरून वाचला आणि घडी घालून पुन्हा डब्याखाली ठेवला.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या.

आता, माझ्या सासूबाईंच्या 'बरं केलंत'ची किंमत काय, हे सांगायला हवं. एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्या कुठल्याच गोष्टीला नाव ठेवलेलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी त्यांच्या चष्म्यावर बसलो. "जुनाच होता," म्हणाल्या. एकदा प्रेम उतू जाऊन मी त्यांना चहा करून दिला आणि त्यात साखरेऐवजी मीठ घातलं. तो कप त्यांनी तळापर्यंत प्यायला आणि "छान झालाय" म्हणाल्या. बायको आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसत होती. जावयाला नाव ठेवायचं नाही, हा त्यांच्याकडचा नियम, आणि तो त्यांनी सैनिकासारखा पाळला. माझ्याशी त्या पुस्तकासारखं शुद्ध बोलायच्या. लेकीशी फोनवर बोलताना मात्र अस्सल वऱ्हाडी. मी खोलीत गेलो की वाक्याच्या मध्यातच भाषा बदलायची, जशी शाळेत मास्तर आल्यावर मुलं ताठ बसतात.

तेव्हा 'बरं केलंत' यावरून काहीही कळायला मार्ग नव्हता. मी मात्र समाधान मानलं. चला, माझ्या हातून एक काम झालं.

त्या दिवसांत माझ्या हातून फारशी कामं होत नव्हती. दाताच्या डॉक्टरकडे हिरडीत इंजेक्शन देतात आणि नंतर दोन-चार तास आपला गाल आपला राहत नाही, चहा हनुवटीवरून सांडतो तरी पत्ता लागत नाही. माझं सगळं अंग तसं झालं होतं. सकाळी बर्फ उपसायला गेलो की आपला ड्राइव्ह-वे संपून शेजाऱ्याचा कधी सुरू झाला, हे समजायचं नाही. शेजारी मला फार सज्जन समजू लागला होता. मायक्रोवेव्हमध्ये परवाची कॉफी सापडायची. महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांनी फोन केला आणि म्हणाले, "फार वाईट झालं रे." मी म्हणालो, "सेम टू यू." काकांनी लगेच हवामानाचा विषय काढला.

रडायला येत नव्हतं. सासूबाईही माझ्यासमोर रडल्या नाहीत. त्या पहाटे उठायच्या, आंघोळ करायच्या, गळ्यापर्यंत स्वेटरची चेन ओढून खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या. दिवसातून चार वेळा "जरा मागं जाऊन येते" म्हणून उणे पंधरात मागच्या दारी उभ्या राहायच्या. तिथे त्या तंबाखू खायच्या. हे मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून माहीत होतं. मला माहीत आहे, हे त्यांना माहीत होतं. पण जावयासमोर तंबाखू मळायची नाही, हाही नियमच.

तिकिटाला दहा-बारा दिवस राहिले तेव्हा मला वाटलं, जाताना त्यांना काहीतरी खास करून घालावं. खास म्हणजे बायकोचं पोझोले.

हा मेक्सिकन रस्सा. धुरी दिलेलं डुकराचं मटण, लाल मिरचीचं वाटण आणि त्यात टपोरे, फुलून आलेले पांढऱ्या मक्याचे दाणे. वरून चिरलेला कोबी, मुळा, लिंबू. बायको ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून शिकली होती आणि पहिला बर्फ पडला की करायचीच. सासूबाई सात-आठ वर्षांपूर्वी पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा तिने त्यांना हे वाढलं, कशाचं आहे ते न सांगता. "मटण झकास शिजलं," म्हणून त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या. मग बायकोने सांगितलं. सासूबाईंनी वाटीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि वाटी पुढे केली. "आता माहीत झालंच आहे, तर अजून वाढ." तेव्हापासून ते आमच्या घरात 'मक्याचं मटण' झालं.

या सगळ्यात माझं काम ढवळण्याचं असायचं. ढवळताना मी बऱ्याच गप्पा मारायचो आणि बघायचो कमी. तरी आत्मविश्वास होता. मटण, मका, मिरची. त्यात काय आहे?

सुपरमार्केटमध्ये धुरी दिलेल्या डुकराच्या तंगड्या मिळाल्या, चुलीतून अर्धवट जळून बाहेर काढलेल्या ओंडक्यांसारख्या दिसणाऱ्या. मक्यासाठी मेक्सिकन दुकानात जायला हवं होतं, पण ते रस्त्याच्या पलीकडे होतं आणि डावीकडे वळायला सिग्नल नव्हता. तेव्हा मी अलीकडच्या देशी दुकानात गेलो. तिथे डाळींच्या रांगेत वाळलेल्या पांढऱ्या मक्याची पिशवी होती. मका तो मका.

रात्रभर भिजवला. रविवारी सकाळी कुकरला लावला. हरभऱ्याला सहा शिट्ट्या लागतात, मका दांडगा, म्हणून बारा केल्या. शेजारी मोठ्या पातेल्यात तंगड्या उकळत होत्या. सगळ्या घराला जळक्या लाकडाचा वास आला. मिरच्या भिजवून, लसणीबरोबर वाटून घातल्या. मीठ घातलं. धुरी देण्याआधी ते मटण मिठाच्या पाण्यात मुरवलेलं असतं, हे ज्याला माहीत असतं तो घालत नाही. मी घातलं. मग घातलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. चाखून बघितलं असतं तरी उपयोग नव्हता. ऑक्टोबरपासून मला सगळ्याची चव ओल्या पुठ्ठ्यासारखी लागत होती.

"छान वास येतोय," खिडकीजवळून सासूबाई म्हणाल्या.

दुपारी बारा-साडेबाराला जेवायला बसलो. मी वाढलं. कोबी बायको चिरायची तसा बारीक जमला नव्हता, खाटेला बांधायच्या पट्ट्यांसारखा झाला होता. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि चावू लागल्या. चावतच राहिल्या. मी एक दाणा तोंडात टाकला. आतून तो शिजून पीठ झाला होता, पण त्याच्या अंगावर साल जशीच्या तशी, प्लॅस्टिकच्या पिशवीसारखी. दाताखाली ती फाटत नव्हती, घशाखाली जात नव्हती.

"छान झालंय," त्या म्हणाल्या.

आम्ही जेवत राहिलो. तळघरातली घर गरम ठेवणारी भट्टी सुरू झाली आणि बंद झाली. मग चमचा खाली पडला म्हणून मी वाकलो, तर टेबलाखाली सासूबाईंच्या मांडीवर कागदी रुमाल पसरलेला दिसला. त्यात मक्याच्या सालींचा छोटा ढीग होता. प्रत्येक घासानंतर त्या पदर तोंडाशी नेत होत्या आणि साल गुपचूप रुमालात ठेवत होत्या. त्र्याहत्तर वर्षांची बाई, शाळेच्या डब्यातली नावडती भाजी लपवणाऱ्या मुलीसारखी.

मी चमचा घेऊन वर आलो.

"आई, खरं सांगा. कसं झालंय?"

"छान झालंय की."

"मांडीवर काय आहे?"

त्यांनी रुमालावर हात ठेवला. म्हणाल्या, "जावयाच्या हातचं आहे. नाव ठेवू नये."

आणि मी, ज्याला तीन महिने कुणाशी काय बोलावं ते सुचलं नव्हतं, तो अगदी सहज बोलून गेलो. आवाजही चढला नाही, मीठ मागावं तसं.

"आता कुठला जावई, आई? ती गेली तेव्हाच माझं जावईपण संपलं."

बोलल्यावर कळलं की हे बोलायचं नव्हतं. पण कळलं म्हणजे नुसतं डोक्यात कळलं. गाल बधिरच होता.

सासूबाई उठल्या. रुमाल कचऱ्यात टाकला, ताट सिंकमध्ये ठेवलं आणि आपल्या खोलीत गेल्या. मला वाटलं, बॅग भरायला गेल्या. मी तसाच बसून राहिलो. वाटीतल्या रश्श्यावर तेलाचा लाल थर धरत होता, तो बघत होतो.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात कापडी बटवा होता. तो त्यांनी टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर ठेवला. नाडी सोडली. तंबाखूची पुडी बाजूला सारली आणि आतून चुन्याची छोटी ट्यूब काढली.

"कच्चा मका उरला का?"

"अर्धी पिशवी आहे."

"आणा इकडं. चुन्याच्या पाण्यात उकळावा लागते, तवाच साल सुटते. तिनं मले फोनवर सांगितलं होतं. म्हणे, आई, तुह्या चुन्याचा इकडं भलताच उपेग हाय." त्यांनी ट्यूबचं झाकण फिरवलं. "तुमच्याकडं गव्हाची खीर करतात का नाई? गहू सडल्याबिगर होते का खीर? कांडून कोंडा काढावा लागते ना? मंग मक्याले साल नसंल का?"

मी नाशिकचा. खीर खाल्ली होती, गहू सडताना पाहिले नव्हते. पण माझं लक्ष खिरीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीकडे होतं. एकोणीस वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदाच त्यांच्या भाषेत बोलत होत्या.

मोठ्या पातेल्यात पाणी घेतलं, चुना कालवला, मका टाकला. पाऊण तास उकळला. पांढरे दाणे हळूहळू पिवळे झाले, ओल्या भिंतीसारखा वास सुटला. मग गॅस बंद करून दोन तास झाकून ठेवायचं. त्या दोन तासांत सासूबाई मागच्या दारी गेल्या नाहीत. स्वयंपाकघरातच स्टुलावर बसून त्यांनी तळहातावर तंबाखू मळली, चुना लावला, चिमूट ओठाखाली धरली. मी जुन्या मक्याचे दाणे झाऱ्याने रश्श्यातून वेचून काढत होतो.

चारच्या सुमाराला सिंकपाशी शेजारी शेजारी उभे राहिलो. नळाखाली चाळणी, चाळणीत मका.

"अहो, नखानं नाई," त्या म्हणाल्या. "एकेक दाणा सोलत बससान तं उन्हाळा येईन. तळव्यात घ्या. असे. चोळा."

मी चोळू लागलो. साल बुळबुळीत होऊन सुटत होती, पाण्याबरोबर वाहत होती. सिंकची जाळी सारखी तुंबायची, मी ती कचऱ्यात झटकायचो.

"जोर लावा ना जी. जेवले नाई का?"

"नाही. तुम्हीही नाही जेवलात."

"म्या कशी जेवीन? प्लाष्टिक होतं ते."

नळाचं पाणी बर्फासारखं होतं. हात गारठले होते. मी गरम नळ सोडला, त्यांनी तो बंद केला. वाफेने त्यांना चष्म्यातून दिसत नव्हतं.

"आई," मी म्हणालो, "तुम्हाला जायचंय का?"

"तिकीट काढलं ना तुम्ही."

"काढलं. पण जायचंय का?"

"मले इचारलं का?"

"तुम्ही फोनवर म्हणालात, लेकीच्या घरी किती दिवस राहायचं..."

"मंग काय म्हनू पोराले? का जावयाच्या घरी मले राहू वाटते म्हनून?" त्यांनी मूठभर मका माझ्या तळव्यात टाकला. "ह्या खिडकीपाशी ती बसे. तिथं बसलं का मले बरं वाटते. हे कोनाले सांगू? मले वाटलं, तुमाले घर रिकामं पाहिजे."

"घर रिकामंच आहे, आई."

त्यांनी नळ बंद केला. "रिकामं कसं? दोन मानसं हाओत ना."

मला इथे काहीतरी वाटायला हवं होतं. तसं वाटलं असतं तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. पण खरं सांगायचं तर मी जाळीतल्या साली बघत होतो आणि इतकंच मनात आलं, की मुदतवाढीचा फॉर्म भरायचा तर त्यांच्या पासपोर्टची प्रत लागेल.

मका पाच-सहा पाण्यांतून धुतला, कुकरला लावला. झाकण उघडलं तेव्हा दाणे फुलले होते. प्रत्येक दाण्याचं एक टोक उमललेलं, अगदी बायकोच्या पातेल्यात असायचे तसे. मी ते रश्श्यात सोडले. नवा मका आहे, अळणी असणार, म्हणून मीठ घातलं. कुणी सांगितलं नव्हतं.

उकळी येईपर्यंत ताटं घ्यावीत म्हणून मी पॅन्ट्रीत वरच्या फळीवरचे खोलगट वाडगे काढायला गेलो. खालच्या फळीवर, तांदळाच्या गोणीमागे, मक्याचे चार डबे होते. मोठे, पत्र्याचे, प्रत्येकावर फुललेल्या पांढऱ्या दाण्यांचं चित्र. सोललेला, शिजवलेला, तयार. ती हेच वापरायची. मी इतकी वर्षं ढवळत होतो आणि डबा फोडताना तिला एकदाही पाहिलं नव्हतं.

मी एक डबा आणून ओट्यावर ठेवला. सासूबाईंनी तो उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि चित्र ओळखलं. पुन्हा ओट्यावर ठेवला. लेकीने एकदाच कधीतरी हौसेने चुन्याचा प्रयोग केला असणार आणि तेवढाच आईला कळवला असणार.

सात वाजले होते. मी लॅपटॉप टेबलावर आणला आणि त्यांच्यासमोरच तिकीट रद्द केलं. 'नक्की का?' असं त्याने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. मग मी वाडगे भरले, लिंबू पिळलं आणि समोर बसलो. माझ्या तोंडात पुठ्ठाच होता, जरा गरम पुठ्ठा.

सासूबाईंनी एक घास घेतला. चावला. गिळला. चमचा खाली ठेवला, पाण्याचा ग्लास उचलला आणि अर्धा संपवला. मी सवयीने 'छान झालंय'ची वाट बघत होतो.

"खारट झालं," त्या म्हणाल्या. "तोंडात धरवत नाई. एकोनीस वर्सं पोरगी सांगे, आई, या मानसाले काईच येत नाई. अन् मी येडी, तिलेच चूप करत होती."